नॅनोट्यूब पाण्यात ‘विरघळतात’ या म्हणण्यामागचा इतिहास

‘नॅनोट्यूब (कार्बनच्या अतिसूक्ष्म नळ्या) पाण्यात विरघळवल्या’ हे वाक्य खान्देशातल्या एमएस्सीच्या प्रकल्पांतून आजही लिहिलं जातं. ते कुठून आलं हे कळायला नळ्यांच्या शोधापर्यंत मागे जायची गरज नाही. एकपदरी (भिंत एकाच अणूथराची असलेल्या) नळ्या हातात आल्यावर त्यांच्या जुड्या सुटेनात, एवढं त्या काळाबद्दल पुरे. दोन नळ्या एकमेकींना चिकटल्या की दर मायक्रॉन लांबीमागे सुमारे ५०० इलेक्ट्रॉन व्होल्टची पकड असते. कडब्याची पेंढी बंद कापला की सुटते, पण इथे बंदच नसतो. काडीच काडीला धरून बसलेली असते.

खरं वळण आलं २००२ मध्ये. अमेरिकेतल्या एका गटाने जड पाण्यात (हायड्रोजनऐवजी ड्युटेरियम असलेल्या) एसडीएस म्हणजे सोडियम डोडेसिल सल्फेट घातलं (शाम्पूत असतो त्याच जातीचा साबण), नळ्यांवर प्रोब सोनिकेटर (अतिध्वनीने हादरे देणारी दांडी) चालवला आणि मग गुरुत्वाच्या १,२२,००० पट बलाने चार तास सेंट्रिफ्यूज केलं (गरगर फिरवलं). साबणाच्या वेष्टनातल्या सुट्या नळीची घनता साधारण १.०, जुडीची १.२ आणि जड पाण्याची १.१. त्यामुळे जुड्या तळाला गेल्या आणि सुट्या नळ्या वर राहिल्या. वरचं पाणी जवळच्या अवरक्त पट्ट्यात चमकलं. जुडीतल्या साधारण एक तृतीयांश नळ्या धातूगुणी असतात आणि त्या शेजारणीचा प्रकाश गिळतात. म्हणून ठळक चमक दिसली, तर नळ्या सुट्या आहेत असं धरता येतं.

पण पुढे बहुतेकांनी धरली ती सोपी वाट. सोनिकेशन करत ठरावीक वेळाने सॅम्पल काढायचं, यूव्ही-व्हिजिबलवर (प्रकाश किती शोषला जातो ते मोजणाऱ्या यंत्रावर) शोषण मोजायचं, आलेख चढून सपाट झाला की ‘एक्सफोलिएशन पूर्ण’, म्हणजे जुड्या सुटल्या, असं लिहायचं. हा निर्णय मला आजही पटत नाही. २६० नॅनोमीटरजवळचा मोठा पीक पाण्यात तरंगणाऱ्या सगळ्याच कार्बनचा असतो, त्यात पाच-सात नळ्यांच्या जुड्या आणि काजळीही मोजली जाते. आलेख सपाट झाला याचा अर्थ आणखी माल पाण्यात येत नाही, इतकाच. जुड्या सुटल्या की नाहीत हे तो सांगत नाही. शिवाय आलेख सपाट होईपर्यंत प्रोब चालवला की नळ्या तुटून आखूड होतात आणि रामनमध्ये (लेझरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून रेणूंची कंपनं मोजणाऱ्या तपासणीत) १३५० सेंमी⁻¹ जवळचा, नळीतले दोष दाखवणारा डी-बँड वाढतो.

घोळ शब्दातही आहे. एक्सफोलिएशन म्हणजे पापुद्रे सुटणं, आणि ते ग्रॅफाइटला शोभतं. एकपदरी नळीला पापुद्रा नसतो, इथे सुटते ती जुडी. ‘विरघळणे’ तर त्याहून चुकीचं. मीठ विरघळतं, नळ्या विखुरतात, आणि साबण काढून घेतला की पुन्हा गोळा होतात. चुकीचा शब्द वापरला की पाणी काळं झाल्यावर माणूस थांबतो. ‘व्हयनं काळं’ (झालं काळं) म्हणून बाटली बाजूला ठेवलेली मी पाहिली आहे.

आपल्याकडच्या हवेचाही यात हात आहे. मे महिन्यात भुसावळ-जळगाव ४५ अंशांना टेकतं आणि प्रोबची उष्णता त्यावर चढते, म्हणून बर्फ लावावाच लागतो. बर्फात एसडीएसचे पांढरे स्फटिक पडतात. मग साबण कमी पडतो आणि सुटलेल्या नळ्या पुन्हा चिकटतात. धुळ्याच्या डिसेंबरातल्या पहाटे बर्फाशिवायही हेच घडतं. सोडियम कोलेट या दुसऱ्या साबणाला ही अडचण येत नाही.

जुडी ओळखायची नेमकी खूण २००२ नंतर लवकरच मिळाली. ७८५ नॅनोमीटरच्या लेझरवर रामनमध्ये २६७ सेंमी⁻¹ जवळ जो पीक येतो, तो जुड्या असल्या की उठतो आणि सुटल्या की बसतो. अवरक्त चमक मोजणारं यंत्र जवळ नसेल तरी काम अडत नाही. साधा यूव्ही-व्हिजिबल ११०० नॅनोमीटरपर्यंत जातो आणि (६,५) जातीच्या (हे आकडे नळीची गुंडाळी कशी आहे ते सांगतात) नळीचा पीक ९८० च्या आसपास येतो. जुडी सुटत गेली की तो अरुंद होत डावीकडे, म्हणजे कमी तरंगलांबीकडे, सरकतो. मात्र साधं पाणीही ९७० जवळ शोषण करतं, तेव्हा ब्लँक (तुलनेचा नळ्यांविना नमुना) त्याच साबणाच्या पाण्याचा घ्यायचा आणि पीकच्या उंचीबरोबर शेजारच्या दरीची खोलीही दर वेळी वहीत लिहायची.