बचतीतून पैसे फेडणं बेकायदा? कोणी सांगितलं!

केईएम, सायन, नायर, कुठलंही पालिका हॉस्पिटल घ्या, एसीचं पाणी गार करणारे जुने चिलर-पंप बदलायचा विषय निघाला की कोणीतरी बोलणारच, "कंपनीने स्वतःच्या खर्चाने नवे बसवायचे आणि आपण वाचलेल्या वीजबिलातून तिला पैसे द्यायचे, हे कायद्यात बसत नाही, ऑडिटवाले धरतील." वर्षानुवर्षं हेच ऐकतोय. अरे पण उलट 2001 च्या ऊर्जा संवर्धन कायद्यात, कलम 13 बघा, अशा प्रकल्पांसाठी नव्या पद्धतीच्या फायनान्सिंगला चालना देणं हे केंद्राच्या ऊर्जा दक्षता ब्युरोचं कामच ठरवलंय, आणि राज्यात ही बाजू महाऊर्जा ही राज्य सरकारची संस्था बघते. टेंडर आणि मंजुरी मात्र रीतसर लागते, त्यात सूट नाही.

वकील खरा लागतो तो करार लिहिताना. आधीचा वापर किती युनिट धरायचा? समजा मधेच नवीन सीटी स्कॅन मशीन आलं, बेड वाढले, तर बिल चढणार, मग कंपनी म्हणणार बचत झालीच आहे आणि अकाउंट्सवाले म्हणणार दाखवा कुठेय! म्हणून मोजणी कोण करणार, वाढीव लोड कसा वजा करायचा, ऑपरेशन थिएटरचा एसी बंद पडला तर किती तासांत दुरुस्ती आणि दंड किती, हे सगळं आधीच लिहून घ्यायचं. भांडणं इथेच होतात, कायद्यावरून नाही.