सड्याखालचं पाणी आणि घाटाचे सहा मसुदे

कोकणात सड्यावर, म्हणजे उंचावरच्या सपाट पठारावर, उन्हाळ्यात नुसता तापलेला काळा कातळ दिसतो, लोकांना वाटतं पडीक जमीन आहे. पण या कातळाचा, म्हणजे जांभ्या दगडाचा, चिरा जवळून बघा, भोकंच भोकं असतात त्याला. पावसाचं पाणी त्यातून झिरपत खालच्या चिकणमातीपर्यंत जातं, तिथून पुढे वाट नाही म्हणून आडवं सरकत सड्याच्या पायथ्याशी झरा होऊन बाहेर पडतं आणि वाडीची विहीर, पोफळीची बाग सगळं त्याच्यावर. आता सडा एका गावच्या हद्दीत आणि झरा दुसऱ्या गावच्या, वर चिऱ्याची खाण निघाली तर खालच्यांनी बोलायचं कोणाशी? मला तरी पश्चिम घाटाचं सगळं राजकारण इथेच अडकलेलं दिसतं.

केंद्राने 2010 मध्ये माधव गाडगीळांच्या अध्यक्षतेखाली पश्चिम घाटाचा कुठला भाग जपायचा हे सांगायला समिती नेमली. तिने गावांच्या हद्दी बाजूला ठेवून घाटावर साधारण 9 बाय 9 किलोमीटरचे चौकोन आखले, उतार, जंगल, दुर्मिळ प्रजाती बघून त्यांना गुण दिले, संवेदनशीलतेच्या तीन पातळ्या केल्या. आणि नेमक्या सीमा ग्रामसभांना विचारून ठरवा असंही सांगितलं! पण ऑगस्ट 2011 मध्ये दिलेला अहवाल मे 2012 मध्ये लोकांसमोर आला, तोही माहिती अधिकारात आणि कोर्टात भांडल्यावर. जो कागद ग्रामसभेत वाचायचा तोच दाबून ठेवला, मग घर बांधता येणार नाही, शेती करता येणार नाही अशा अफवा गावात आधी पोचल्या. याचा मला आजही राग येतो.

पुढे 2013 मध्ये केंद्राच्याच कस्तुरीरंगन समितीने घाटाचा सुमारे 37 टक्के भाग संवेदनशील धरला आणि हिशोब गावावर आणला, म्हणजे गावाचा 20 टक्के किंवा जास्त भाग संवेदनशील असेल तर अख्खं गाव यादीत. यादी गावांची झाली की "आमचं गाव वगळा" ही मागणी आलीच, आणि ती करणं कुठल्याही पक्षाला सोपं. झऱ्याच्या बाजूने कोण मागणी करणार?

2014 ते 2024 मध्ये हा संवेदनशील भाग जाहीर करणाऱ्या अधिसूचनेचे केंद्राचे सहा मसुदे निघाले, त्या काळात अंतिम अधिसूचना एकही नाही. सहावा 56,825 चौरस किमीचा, त्यात महाराष्ट्राचे 17,340. त्यावर हरकतींसाठी परत 60 दिवस दिले. तो निघाला 31 जुलै 2024 ला, केरळात वायनाडची दरड कोसळली त्याच्या दुसऱ्या दिवशी. आपलं माळीण गाडलं गेलं तीही तारीख 30 जुलैच, साल 2014.