पार्श्वभूमी: सगळंच सोनं शुद्ध, मग जळगावचं वेगळं काय?

कापसाचा पैसा, रेल्वे आणि आखाजी (अक्षय्य तृतीया) आणि लग्नसराईची खरेदी यांवर जळगावचा सराफ बाजार वाढला. बुलढाणा, बऱ्हाणपूरकडची माणसंही लग्नाचं सोनं घ्यायला इथे येऊ लागली. बाजाराचं नाव झालं ते नक्षीपेक्षा कसामुळे, म्हणजे सोन्याच्या शुद्धतेमुळे.

१९६३ च्या सुवर्ण नियंत्रणात नव्या दागिन्यांवर १४ कॅरेटची मर्यादा आली, म्हणजे शेकडा सुमारे ५८ भाग सोनं. पुढे ती अट उठली आणि १९९० मध्ये नियंत्रणाचा कायदाही रद्द झाला. त्यानंतर दुकानं वाढली आणि चढाओढही वाढली.

खरा पेच इथून पुढचा आहे. जुन्या पद्धतीच्या डाखात, म्हणजे दागिन्याचे सांधे जोडणाऱ्या मिश्रधातूत, तांबं वगैरे असायचं, त्यामुळे दागिना आटवला की कस उतरायचा. कॅडमियमचा डाख तापताना उडून जातो, म्हणून ‘केडीएम’ हा शब्द दुकानोदुकानी झळकला. त्याचा धूर कारागिरांच्या फुफ्फुसांना घातक, हे मात्र जाहिरातीत कुठेच नसायचं. २००० पासून ऐच्छिक हॉलमार्क, म्हणजे कस तपासून दागिन्यावर उमटवलेला अधिकृत छाप, आला. जून २०२१ पासून तो २५६ जिल्ह्यांत सक्तीचा झाला आणि १ एप्रिल २०२३ पासून अक्षरं-अंक मिळून सहा खुणांच्या क्रमांकाशिवाय हॉलमार्कचा दागिना विकायला मनाई झाली. अंगठीच्या आतल्या बाजूला भिंगाखाली पाहिलं तर त्रिकोणी चिन्ह, २२के९१६ (२२ कॅरेट, हजारात ९१६ भाग सोनं) आणि तो क्रमांक दिसतो. पुण्यात घ्या नाहीतर पाचोऱ्यात, छाप तोच.

मग जळगावची पेढी पाटीवर ‘शुद्ध सोनं’ लिहून कोणता फरक सांगणार? पेढीने जुन्या नावावरच राहावं, असं कुणी म्हणेल, आणि त्यात तथ्य आहे: पिढ्यांचा विश्वास छापाने पुसला जात नाही. २०२१ मध्ये २३ आणि २४ कॅरेटलाही हॉलमार्कची मुभा मिळाली, तेव्हा कसाचा मान आणखी उंच नेता येईल, असंही वाटू शकतं. पण इतकं सोनं मऊ असतं. रोजच्या वापरात बांगडी दबते, खड्याची पकड सुटते. हा मार्ग मोजक्या दागिन्यांपुरताच चालेल. फक्त घडणावळीत सूट द्यायची म्हटलं तर मोठ्या साखळी दुकानांपुढे एकटी पेढी फार काळ टिकणार नाही.

जागा रिकामी आहे ती मोडीत, म्हणजे जुना दागिना सराफाला परत विकण्याच्या व्यवहारात. शेतकरी कुटुंब सोनं घेतं ते अडीनडीला मोडायचं म्हणूनही, आणि हॉलमार्क फक्त कस सांगतो. घट किती धरणार, खड्यांचं वजन कसं वजा करणार, दर कोणत्या दिवसाचा लावणार, यावर तो गप्प आहे. हॉलमार्कच्या दागिन्याच्या पावतीवर वर्णन, निव्वळ वजन, कस आणि हॉलमार्कचं शुल्क लिहावं लागतं. मोडीच्या अटी त्याच पावतीवर, विक्रीच्याच वेळी मराठीत छापून सही करणारी पेढी आजही गर्दीत उठून दिसेल.