एचएमटीच्या पोत्यामागचा इतिहास

चंद्रपूर जिल्ह्यातल्या नागभीडच्या बाजारात धान घेऊन आलेल्या माणसाला ‘कोणता माल?’ विचारलं की तो ‘एचएमटी’ म्हणतो. पुढे काही सांगावं लागत नाही. व्यापारी पोत्यात हात घालतो, चार दाणे तळहातावर रगडून तूस फुंकतो, तांदूळ दाताखाली धरतो आणि भाव बोलतो. हा वाण याच तालुक्यातल्या नांदेड नावाच्या लहानशा गावात निवडला गेला. देशाने संशोधनात पुढे जावं, जगाच्या स्पर्धेत टिकावं, अशी चर्चा सध्या जोरात आहे. आमच्या विदर्भापुरतं बोलायचं तर शोधांची वानवा इथे कधीच नव्हती. शोधातून झालेली कमाई आणि त्याचं श्रेय गावात परत आलं का, हा खरा प्रश्न आहे, आणि तो दीडशे वर्षं जुना आहे.

हा वाण निवडणाऱ्या दादाजी रामाजी खोब्रागडे यांच्याकडे दीड एकर जमीन होती आणि शाळा तिसरीपर्यंत झालेली. 1983 मध्ये त्यांच्या बांधीत, म्हणजे धानाच्या शेतात, ‘पटेल 3’ हे धान उभं होतं. त्यात काही लोंब्या रंगाने वेगळ्या, पिवळसर दिसल्या. असं झाड बहुतेक जण भेसळ समजून उपटतात किंवा मळणीत मिसळून टाकतात. दादाजींनी त्या लोंब्या बाजूला ठेवल्या, पुढच्या हंगामात बांधीच्या मधोमध वेगळ्या लावल्या आणि दरवर्षी त्यातून निवड करत गेले. धानात स्वपरागीभवन होतं, म्हणजे फुलाचं परागीभवन त्याच फुलात होतं. त्यामुळे वेगळ्या झाडाचं बी काही पिढ्या निवडत नेलं की वाण स्थिर होतो. याला प्रयोगशाळा लागत नाही. लागते ती नजर आणि सात-आठ वर्षं धीर. दीड एकरवाल्याला तो धीर परवडणं किती कठीण, हे ज्याच्या घरी रोवणीच्या आधी उसनवारी करावी लागते त्यालाच कळेल.

1990 च्या सुमारास हे धान बाजारात गेलं. त्या वेळी एचएमटीचं घड्याळ मनगटावर असणं म्हणजे मान होता, म्हणून व्यापाऱ्याने मालाला तेच नाव दिलं. हिंदुस्तान मशीन टूल्स ही केंद्र सरकारची कंपनी 1953 ची. 1961 मध्ये जपानच्या सिटिझन कंपनीचं तंत्र घेऊन तिने घड्याळं काढली. बाहेरून तंत्र आणायचं, सरकारी कारखान्यात उतरवायचं आणि देशाला स्वावलंबी करायचं, हा त्या काळचा मार्ग. पुढे क्वार्ट्झ घड्याळं आली, बाजार खुला झाला, आणि 2016 मध्ये सरकारने एचएमटीचा घड्याळ विभाग बंद करायचं ठरवलं. ज्याला त्या घड्याळाचं नाव मिळालं, ते धान मात्र आजही रोवलं जातं.

1994 मध्ये सिंदेवाहीच्या धान संशोधन केंद्राने दादाजींकडून बियाणं नेलं आणि 1998 मध्ये अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठाने ‘पीकेव्ही एचएमटी’ हा वाण प्रसारित केला. विद्यापीठाचं म्हणणं, आम्ही शुद्धीकरण करून वाण सुधारला. दादाजींचं म्हणणं, मूळ माझं. शुद्धीकरण हे खरंच काम आहे, त्याशिवाय बियाणं चार जिल्ह्यांत एकसारखं उगवत नाही. पण वाणाचं नाव ठरवताना मूळ निवडणाऱ्याचा उल्लेख राहून जातो, तेव्हा शेजारच्या बांधीतला दुसरा माणूस आपली लोंबी कुणाला दाखवणार? माझ्या मते नुकसान दादाजींपेक्षा देशाचं मोठं झालं. 2005 मध्ये त्यांना राष्ट्रपती अब्दुल कलाम यांच्या हस्ते राष्ट्रीय नवप्रवर्तन प्रतिष्ठानचा पुरस्कार मिळाला. डीआरके, नांदेड हिरा असे आणखी वाणही त्यांनी काढले. 3 जून 2018 रोजी गडचिरोलीजवळच्या शोधग्राममध्ये त्यांचं निधन झालं.

कापसाची गोष्ट याहून जुनी. 1853 मध्ये निजामाकडून वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला. 1861 ते 1865 च्या अमेरिकी यादवी युद्धात तिकडचा कापूस थांबला आणि वऱ्हाडच्या कापसाला सोन्याचे दिवस आले. 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोचली. खामगावच्या बाजारातून गठाणी मुंबईला आणि तिथून इंग्लंडच्या लँकेशायरमधल्या कापड गिरण्यांना जात. पक्का माल तिकडेच तयार होई.

ही वाट 1 जानेवारी 1877 ला थोडी वळली. जमशेटजी टाटांनी नागपुरात एम्प्रेस मिल सुरू केली. गिरण्या मुंबईत काढायच्या असा रिवाज असताना त्यांनी नागपूर निवडलं, कारण कापूस इथे, वरोऱ्याचा कोळसा जवळ आणि रेल्वे दाराशी. व्यवस्थापक म्हणून त्यांनी नेमलेले बेझनजी मेहता रेल्वेच्या माल खात्यातून आलेले होते, कापड धंद्यातले नव्हते. लँकेशायरचे गिरणीमालक अजून सूतकताईच्या जुन्या ‘म्यूल’ यंत्रावर विसंबून असताना नागपुरात अमेरिकेतली सूत कातायची नवी रिंग चाती लावून बघितली गेली आणि ती चालली. कच्च्या मालाच्या जागी कारखाना, नव्या यंत्रावर डाव आणि कामगारांना निवृत्तिवेतन व अपघात भरपाई, ही सगळी मंडळी एका छपराखाली आली. विदर्भात उद्योग कसा असावा याचा याहून चांगला नमुना मला दुसरा सापडत नाही. याच टाटांनी विज्ञान संस्थेची योजना मांडली. ती त्यांच्या निधनानंतर, 1909 मध्ये, बंगळूरला उभी राहिली. नागपूरची मिल आता बंद आहे. मोठी झाडं बहुतेक दुसरीकडेच वाढली.

वर्ध्याने वेगळी वाट धरली. 1929 मध्ये गांधीजींच्या चरखा संघाने सुधारित चरख्यासाठी एक लाख रुपयांचं बक्षीस जाहीर केलं. चरखा 150 रुपयांच्या आत मिळावा, वीस वर्षं टिकावा, झोपडीतल्या बाईला आठ तास चालवता यावा, अशा अटी होत्या. तंत्रज्ञांपुढे गरिबाची गरज इतक्या नेमकेपणाने मांडलेली मी क्वचितच पाहिली आहे. बक्षीस कुणालाच मिळालं नाही. 1934 मध्ये ग्रामोद्योग संघ निघाला आणि वर्ध्यातल्या मगनवाडीत गांधीवादी अर्थतज्ज्ञ जे. सी. कुमारप्पांच्या भोवती तेलघाणी, कागद, चूल यांवर प्रयोग सुरू झाले. झवेरभाई पटेल यांनी सुधारलेली ‘वर्धा घाणी’ कमी कष्टात जास्त तेल काढायची आणि ती देशभर पसरली. शहरांना उद्योग मिळाला तर खेड्याला काय, या प्रश्नाचं उत्तर तिथे हाताने बनवलं जात होतं.

स्वातंत्र्यानंतर संस्था आल्या: अकोल्याचं कृषी विद्यापीठ 1969 मध्ये, नागपूरची केंद्रीय कापूस संशोधन संस्था 1976 मध्ये. तरी 2002 मध्ये बीटी कापूस, म्हणजे बोंडअळीला रोखणारं जनुक घातलेला कापूस, आला तो परदेशी कंपनीच्या जनुकासह, आणि तोही संकरित बियाण्यात. संकरित बी दुसऱ्या वर्षी जसंच्या तसं उगवत नाही, त्यामुळे दरवर्षी पाकीट विकत घ्यावं लागतं. चीनने आपल्या सरकारी संस्थेतून स्वतःचं बीटी जनुक विकसित केलं होतं. फरक बुद्धीचा नव्हता, पैशाचा आणि वेळेवर हात घालण्याचा होता.

आणि मालाचं बघा. जिनिंगमध्ये शंभर किलो कापसातून साधारण 34 किलो रुई निघते, बाकी सरकी. 170 किलोची एक गठाण बांधायला पाच क्विंटल कापूस लागतो. गठाण झाली की ती ट्रकमध्ये चढते आणि सूत, कापड, शर्ट हे बहुतेक विदर्भाबाहेर होतं.

देशाचे आकडे याच चालीचे आहेत. संशोधनावर भारत सकल उत्पन्नाच्या 0.64 टक्के खर्च करतो, 2020-21 चा हा आकडा. चीन अडीच टक्क्यांच्या आसपास, दक्षिण कोरिया पाचच्या जवळ. त्या देशांत बहुतेक खर्च उद्योग करतात, आपल्याकडे सरकार. जागतिक नवोन्मेष निर्देशांकात भारत 2015 मध्ये 81 वा होता, 2024 मध्ये 39 वा. ही झेप खरी आहे आणि तिचा अभिमान आहे. 2023 मध्ये राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठानाचा कायदा झाला, पुढे खासगी संशोधनासाठी एक लाख कोटींचा निधी मंजूर झाला. या पैशातून जिनिंगशेजारी सूतगिरणीचं नवं तंत्र आणि सिंदेवाहीला चांगली प्रयोगशाळा आली, तर आमच्याकडे फरक दिसेल.

कायदा मात्र आधीच आहे. 2001 च्या वनस्पती वाण संरक्षण कायद्याने शेतकऱ्याला वाणाचा निर्माता म्हणून नोंद करता येते. नोंदणीला त्याला फी नाही. वाण वेगळा, एकसारखा आणि स्थिर आहे हे दाखवावं लागतं. आमच्या बांधीत यंदा कापणीच्या आधी दोन लोंब्या वेगळ्या निघाल्या आहेत, काकूंनी लाल दोरा बांधून त्या राखून ठेवल्या. पुढचा कागद भरायला तालुक्याच्या कृषी कार्यालयात कुणी बसतं का, ते सोमवारी जाऊन विचारायचं आहे.