बुल बार म्हणजे विंच बंपर नव्हे

‘पुढे बुल बार आहेच, आता फक्त विंच टाकायची बाकी आहे.’ (विंच म्हणजे रोप, म्हणजे दोर, गुंडाळून रुतलेली गाडी ओढून काढणारी मोटर.) हे वाक्य गेल्या दोन पावसाळ्यांत इतक्या जणांकडून ऐकलंय की आता एकदाच सगळं लिहून टाकतो, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवणार.

बुल बार तुम्ही रोज बघता. मूळ बंपरच्या पुढे बसवलेला वाकवलेला पाईप, क्रोम किंवा काळा, मधे दोन लाईट. त्यावर जास्त बोलत नाही. विंच बंपर म्हणजे मूळ बंपर काढून त्या जागी बसवलेला जाड लोखंडाचा बंपर, ज्याच्या पोटात विंच बसते.

गोंधळ मुळात शब्दातला आहे. ऑस्ट्रेलियात ‘बुल बार’ म्हणतात तो बहुतेकदा आख्खा बदली बंपरच असतो. एआरबी ही कंपनी 1975 पासून या धंद्यात आहे, आणि त्यांचे बरेचसे बुल बार थेट चासीला बसतात आणि विंचची जागा ठेवूनच बनवलेले असतात. आपल्याकडची पोरं ते व्हिडिओ बघतात, बाजारात जाऊन ‘बुल बार द्या’ म्हणतात आणि दुकानदार पाईप देतो, कारण इथे बुल बार म्हणजे पाईपच. शब्द एक, वस्तू दोन.

आता खरा मुद्दा, आणि बाकी काही नाही वाचलं तरी हा वाचा. लोकांना वाटतं फरक जाडीचा आहे, म्हणजे पाईप जाड घेतला की झालं. फरक जाडीचा नाहीच, ओढ लागल्यावर तो जोर कुठून कुठे जातो याचा आहे. बुल बारला जोर येतो तो समोरून, आत ढकलणारा, आणि तोही क्वचित. विंचचा जोर बरोबर उलटा, गाडीतून बाहेर ओढणारा. बुल बारचे ब्रॅकेट बऱ्याचदा मूळ बंपरच्या पट्टीला किंवा पुढच्या पत्र्याच्या सपोर्टला दोन-तीन बोल्टांवर लटकवलेले असतात. पार्किंगमधल्या धक्क्याला ते पुरतात, पण बाहेर ओढलं की तोच पत्रा सोलल्यासारखा उघडतो.

आकडा बघा. 9500 पाउंडची विंच म्हणजे साधारण 4300 किलोची ओढ. चासीपर्यंत चिखलात रुतलेली गाडी विंचकडून पूर्ण ताकद मागू शकते, गाडी स्वतः 1700 किलोची असली तरी. त्यात विंच बसते चासीच्या टोकाच्या पुढे आणि बऱ्याचदा थोडी वर, त्यामुळे नुसती ओढ नाही तर पिळवटणंही आलं, आणि झाड सरळ समोर नसेल तर सगळा भार एकाच बाजूच्या ब्रॅकेटवर. म्हणून खऱ्या विंच बंपरमध्ये विंचखाली एक जाड प्लेट असते, तिच्या दोन्ही बाजूंना उभ्या प्लेटा, आणि त्या थेट चासीच्या दोन्ही रेलना, म्हणजे लांब लोखंडी तुळयांना, मोठ्या बोल्टांनी आवळलेल्या. बाहेरून दिसणारा आकार हे निव्वळ झाकण. पुढचा बंपर कापून फेकला तरी विंच चासीला घट्ट राहिली पाहिजे, ही माझी परीक्षा.

मागच्या जुलैत मुळशीकडे आमच्यातल्या एकाने बुल बारच्या मधोमध अँगल वेल्ड करून त्यावर विंच बसवलेली. लाल चिखलात रुतला, रोप ताणला, आणि दहा-बारा सेकंदांत उजवा ब्रॅकेट पत्र्यासकट बाहेर. विंच, पाईप, लाईट सगळं एक हात पुढे लोंबायला लागलं. नशिबाने रोप सैल पडला आणि कोणाला लागलं नाही. तुटलेला रोप उडू नये म्हणून त्यावर ब्लँकेट टाकलं की आपण निर्धास्त असतो, पण ब्रॅकेट तुटला तर उडतं ते लोखंड, आणि ब्लँकेट त्याला काय अडवणार? त्या दिवसापासून बुल बारवरची विंच दिसली की मी लांब उभा राहतो आणि रोप ताणू नका म्हणून सरळ सांगतो.

स्नॅच ब्लॉकची, म्हणजे रोप वळवायच्या कप्पीची, गोष्ट तर कोणी सांगतच नाही. झाडाला ब्लॉक लावून रोप परत आणून आपल्याच बंपरच्या शॅकलला (लोखंडी कडीला) अडकवला की ओढ जवळजवळ दुप्पट होते, सगळ्यांना एवढंच पाठ आहे. पण ती दुप्पट ओढ गाडीलाच लागते ना, अर्धी विंचमधून आणि अर्धी त्या शॅकलच्या कानातून, म्हणजे शॅकल अडकवायच्या भोकाच्या प्लेटमधून. तो कान नुसता बंपरच्या पत्र्यावर वेल्ड केलेला असेल तर विंच कितीही चांगली बसवा, तोच आधी निघेल. कान प्लेटमधून आरपार आत चासीकडे गेलाय का ते बघायचं.

विकत घेताना दुकानात ‘स्ट्राँग आहे का’ विचारू नका, उत्तर ‘हो’च येतं. टॉर्च घेऊन गाडीखाली झोपा आणि बोल्ट कुठे जातायत ते बोटाने दाखवायला सांगा. विंचच्या चार बोल्टांच्या भोकांतलं अंतर 10 बाय साडेचार इंच, 254 बाय 114 मिमी, हे 8000 ते 12000 पाउंडच्या बहुतेक विंचना चालतं. प्लेट 6 मिमीपेक्षा पातळ मी घेणार नाही. चासीला वेल्ड करू देऊ नका, बोल्टच हवेत. बसवायच्या आधी विंचच्या क्लच लिव्हरपर्यंत (रोप मोकळा सोडायच्या दांड्यापर्यंत) हात पोचतो का ते बघा, पावसात बोनेटमधून चाचपडत बसायला लागतं नाहीतर.

मोनोकॉक गाड्यांना, म्हणजे बॉडी आणि चासी एकच असलेल्यांना, थार, जिमनी, गुरखासारख्या चासीच्या वेगळ्या रेल नसतात; अशा गाडीवाल्यांनी हा नाद सोडावा.

रोप स्टील की सिंथेटिक? सिंथेटिक, हलका असतो आणि तुटला तरी झटका कमी. त्याला ॲल्युमिनियमचा गुळगुळीत फेअरलीड (रोप बाहेर पडतो ते तोंड) लावा, स्टीलने खरवडलेले जुने रोलर नकोत. विंचवर लिहिलेली ताकद ड्रमच्या सगळ्यात आतल्या थराची असते, त्यामुळे रोप जास्त सोडून ओढलेलं बरं.

कायद्याचं म्हणाल तर डिसेंबर 2017 मध्ये केंद्राने बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करा असं राज्यांना कळवलं, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 चा आधार देऊन. हे कलम गाडीतल्या बदलांबद्दल आहे, म्हणजे विंच बंपर त्यातून आपोआप सुटत नाही. एअरबॅगचा सेन्सर धडकेचा झटका बघून निर्णय घेतो आणि पुढचं लोखंड बदललं की झटकाही बदलतो, हे दोन्हींना लागू. म्हणून एअरबॅग असलेल्या गाडीला त्याच मॉडेलसाठी बनवलेला बंपर घ्या, गॅरेजमध्ये अंदाजाने बनवलेला नको.

आणि पहिल्यांदा जोरात ओढून घरी आलात की दुसऱ्या दिवशी चासीचे सगळे बोल्ट टॉर्क रेंचने परत तपासा, पहिल्या भाराला प्लेटा बसतात आणि बोल्ट थोडे ढिले होतात.