पाय खिळतात तेव्हा मेंदूत काय घडते?

रात्री पाणी प्यायला उठून स्वयंपाकघरातला दिवा लावला, की ओट्यावरचा उंदीर पुष्कळदा पळत नाही. पिठाच्या डब्याला चिकटून, पुढचा एक पाय अर्धवट उचललेला, असा तो थिजून जातो. मिशासुद्धा हलत नाहीत, श्वासाबरोबर हलणाऱ्या बरगड्या तेवढ्या दिसतात. आपण एक पाऊल पुढे टाकले, की तोच उंदीर क्षणात शेगडीमागे नाहीसा होतो. भीती एकच, पण तिच्यामुळे कधी पाय जागीच खिळतात, तर कधी धूम ठोकली जाते. या दोहोंतली निवड मेंदूत कोण करते, हा मला जीवशास्त्रातला एक अत्यंत सुंदर प्रश्न वाटतो.

आरोग्याच्या सदरांपासून व्यक्तिमत्त्व विकासाच्या शिबिरांपर्यंत सर्वत्र ‘अमिग्डाला म्हणजे भीतीचे बटण’ असे सांगितले जाते आणि ते बटण बंद करण्याचे उपायही विकले जातात. कानशिलाच्या आत, मेंदूच्या दोन्ही बाजूंना एकेक असा हा बदामाच्या आकाराचा भाग असतो. ग्रीक भाषेत अमिग्डाला म्हणजे बदामच. परंतु तो एकजिनसी नसून अनेक लहान केंद्रकांचा, म्हणजे चेतापेशींच्या पुंजक्यांचा, समूह आहे, आणि त्या केंद्रकांमधील चेतापेशी एकमेकींना चेतवतात त्याचप्रमाणे दाबूनही धरतात.

एखादा आवाज ऐकू आला आणि लगेच पायाला विजेचा सौम्य झटका बसला, असे काही वेळा घडले, तर उंदीर पुढे नुसत्या आवाजानेच थिजतो. आवाजाची आणि वेदनेची वार्ता अमिग्डालाच्या पार्श्व केंद्रकात एकत्र येते, तेथील जोडण्या पक्क्या होतात, आणि शिकलेली ही भीती पुढे मध्यवर्ती केंद्रकाकडे जाते. खरी गंमत या मध्यवर्ती केंद्रकात आहे, कारण तेथील बहुतेक चेतापेशी ‘गाबा’ हे रसायन सोडून इतर पेशींना गप्प करणाऱ्या, म्हणजे प्रतिरोधक असतात. गप्प करणाऱ्या पेशींमधून कृती कशी उभी राहते?

स्वित्झर्लंडमधील बासेल येथील फ्रीडरिश मीशर संस्थेत आंद्रेआस ल्यूथी यांच्या गटाने २०१६ मध्ये याचे एक उत्तर प्रसिद्ध केले. मध्यमेंदूत शरीर थिजवणाऱ्या चेतापेशी सज्जच असतात, मात्र शेजारच्या प्रतिरोधक पेशींनी त्यांना रोखून धरलेले असते. अमिग्डालातून येणारे तंतू या रोखणाऱ्या पेशींनाच रोखतात. स्प्रिंगचे दार कोणी हाताने दाबून धरले असेल आणि तो हात दुसऱ्याने बाजूला केला, तर दार आपोआप उघडते, तसेच हे आहे.

त्याच गटाने २०१७ मध्ये आणखी पुढचा प्रयोग मांडला. उंदरांना आधी एक साधा सूर, त्यामागोमाग खरखराट आणि मग झटका, असा क्रम शिकवला. झटका अजून थोडा दूर आहे, असे सांगणाऱ्या सुराला उंदीर थिजू लागले, आणि झटका आता बसणारच, असे सांगणाऱ्या खरखराटाला ते धावू आणि उड्या मारू लागले. मध्यवर्ती केंद्रकात सोमॅटोस्टॅटिन हे रसायन बाळगणाऱ्या पेशी थिजण्याच्या वेळी, तर सीआरएफ हे संप्रेरक बाळगणाऱ्या पेशी पळण्याच्या वेळी सक्रिय होत्या. प्रकाशाला प्रतिसाद देतील अशा बदललेल्या सीआरएफ पेशी प्रकाश टाकून बंद केल्या, तर पळणे मंदावले. हे दोन्ही गट एकमेकांना दाबत असतात, त्यामुळे एकाची सरशी झाली की दुसरा आपोआप मागे पडतो आणि शरीर अर्धवट थिजून अर्धवट पळत नाही.

उंदरातील ही मांडणी माणसाला तंतोतंत लावता येणार नाही, पण थिजणे माणसातही आहे आणि तो विचारपूर्वक घेतलेला निर्णय नसतो. अंधाऱ्या वाटेवर पाय खिळलेल्या माणसाला भुताने धरले असे ठरवून मांत्रिकाकडे नेणे, हे २०१३ च्या जादूटोणाविरोधी कायद्यानंतरही थांबलेले नाही. अत्याचार झालेल्या स्त्रीला ‘तू ओरडली का नाहीस, पळाली का नाहीस’ असे विचारणे तर त्याहूनही अन्यायाचे आहे.

बटणाच्या कल्पनेला सर्वांत मोठा धक्का माणसांकडूनच मिळाला. वैद्यकीय साहित्यात ‘एस. एम.’ या आद्याक्षरांनी ओळखल्या जाणाऱ्या एका अमेरिकन स्त्रीचे दोन्ही अमिग्डाला एका दुर्मीळ आनुवंशिक आजाराने निकामी झाले होते. ती साप हातात घेई आणि तिला भीती वाटत नसे. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ती आणि असेच नुकसान झालेल्या आणखी दोन व्यक्ती यांना ३५ टक्के कार्बन डायऑक्साइड असलेली हवा एकदा श्वासावाटे घ्यायला दिली. श्वास कोंडल्यासारखा झाला आणि तिघींच्याही बाबतीत अमिग्डाला नसतानाही भीतीचा जोरदार झटका आला.