मूळ लेख उघडल्यावर काय दिसतं?

अमेरिकेत नॉर्थ कॅरोलायनातल्या ड्यूक विद्यापीठात राजकीय अर्थशास्त्राच्या इतिहासाचं एक केंद्र २००८ सालापासून चालतं. अर्थशास्त्रातले विचार कसे घडले हे शिकायला येणाऱ्या तरुण संशोधकांसाठी हे केंद्र उन्हाळी शिबिर भरवतं. ग्रंथालयही तसंच तोलामोलाचं आहे. पॉल सॅम्युएलसन, केनेथ अ‍ॅरो, रॉबर्ट सोलो या नामवंत अमेरिकी अर्थशास्त्रज्ञांची पत्रं, टिपणं आणि कच्चे खर्डे तिथं जपून ठेवलेत.

भौतिकशास्त्र शिकणाऱ्याचं न्यूटनचा मूळ ग्रंथ न वाचता काही अडत नाही. अर्थशास्त्रातही तसंच चालेल असं मानून बहुतेक विद्यापीठांनी आर्थिक विचारांचा इतिहास हा विषय अभ्यासक्रमातून जवळजवळ काढून टाकला. यात मोठं नुकसान झालं असं माझं ठाम मत आहे. फिलिप्स वक्राचंच बघा.

लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्सचे बिल फिलिप्स यांनी १९५८ मध्ये ब्रिटनची १८६१ ते १९५७ ची आकडेवारी मांडली. बेरोजगारी कमी असते तेव्हा मजुरी भराभर वाढते, जास्त असते तेव्हा वाढ मंदावते, असं त्यातून दिसलं. या नात्याचा आलेख म्हणजेच फिलिप्स वक्र. दोन वर्षांनी सॅम्युएलसन आणि सोलो यांनी अमेरिकेसाठी तसाच वक्र काढला, मजुरीच्या जागी महागाई घेऊन. त्यांच्या अंदाजाने बेरोजगारी ३ टक्क्यांवर आणायची तर वर्षाला ४ ते ५ टक्के भाववाढ सोसावी लागणार होती.

पुढची गोष्ट पाठ्यपुस्तकं अशी सांगतात: महागाई सोसून बेरोजगारी कमी करण्याचा हा सौदा या दोघांनी कायमचा मानला, लोक महागाई गृहीत धरू लागले की तो मोडतो हे अर्थशास्त्रज्ञ मिल्टन फ्रीडमन यांनी दाखवलं, आणि सत्तरच्या दशकात महागाई व बेरोजगारी हातात हात घालून वाढली तेव्हा फ्रीडमन खरे ठरले. पण १९६० चा तो लेख काढून वाचा. हे गणित पुढच्या काही वर्षांपुरतंच आहे, असं लेखक स्वतःच बजावतात. आज राबवलेल्या धोरणामुळे लोकांच्या अपेक्षा बदलून उद्या वक्र सरकू शकतो, हेही त्यात आहे. पाठ्यपुस्तकांनी सौदा उचलला, इशारा गाळला.

आपल्याकडे डॉ. आंबेडकरांच्या वाट्याला हेच आलं. १९२३ च्या त्यांच्या रुपयावरच्या प्रबंधातून रिझर्व्ह बँक जन्मली, असे संदेश दरवर्षी फिरतात. भारताच्या चलनाचा विचार करणाऱ्या हिल्टन यंग आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली आणि त्याच आयोगाने मध्यवर्ती बँकेची शिफारस केली, हे खरंच. पण प्रबंधातला युक्तिवाद त्याहून धारदार आहे. ब्रिटिश अर्थशास्त्रज्ञ केन्सनी १९१३ मध्ये सुवर्ण विनिमय परिमाणाची बाजू घेतली होती. म्हणजे देशात रुपये वापरायचे आणि बाहेरच्या देण्यासाठी ठरलेल्या दराने सोन्याशी जोडलेलं चलन द्यायचं. आंबेडकरांचा आक्षेप असा की या व्यवस्थेत रुपये किती काढायचे याला लगाम राहत नाही. सरकार ते वाढवत जातं आणि रुपयाची खरेदीशक्ती घसरते. म्हणून टांकसाळीत रुपयाची नाणी पाडणं जनतेसाठीच नव्हे, सरकारसाठीही बंद करा, असं ते सांगतात.

चलन ज्याच्या हाती आहे त्याच्यावर किती विश्वास टाकायचा, हा वाद अजून मिटलेला नाही. २०१६ पासून रिझर्व्ह बँकेला महागाईचं ४ टक्क्यांचं लक्ष्य घालून दिलेलं आहे, आणि ते किती काटेकोर असावं यावर आजही अर्थतज्ज्ञ भांडतात.